काकांची ई-पुस्तकं, न्यू जर्सीचं सिम आणि बडोद्यातली आत्या : एक प्रकरण

प्रकरण काय ते आधी सरळ सांगतो. माझी आत्या बडोद्यात कारेलीबागेत राहते, पंच्याहत्तरीची आहे, शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेली. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला त्रास आहे त्यामुळे छापील पुस्तकाचं अक्षर तिला आता लागत नाही, ई-रीडरवर, म्हणजे फक्त पुस्तकं वाचायच्या यंत्रावर, अक्षर मोठं करून मात्र रोज दुपारी भरपूर वाचायची. त्या रीडरवर दीडशेच्या वर इंग्रजी पुस्तकं होती, एकूणएक पैसे मोजून घेतलेली, सगळ्यांच्या पावत्या मेलमध्ये पडलेल्या. आज त्यातलं एकही पुस्तक तिला उघडता येत नाही. चोरी झालेली नाही, दुकान बुडालेलं नाही, कोणाचे पैसे थकलेले नाहीत, आणि तरी नाही म्हणजे नाही. दुकानाचं नाव मुद्दाम देत नाहीये, दुसऱ्या कुठल्या मोठ्या दुकानातून घेतली असती तरी थोड्याफार फरकाने हेच झालं असतं.

हे झालं कसं

पुस्तकं काकांनी घेतलेली, म्हणजे आत्याच्या मिस्टरांनी. काका रिफायनरीतून रिटायर झाल्यावर दोघं अधूनमधून न्यू जर्सीला आतेभावाकडे जाऊन राहायची, दादा तिकडेच सेटल आहे. तिथल्या थंडीत दिवसभर घरात बसून करायचं काय, म्हणून दादाने काकांना रीडर घेऊन दिला, अकाउंट उघडताना पत्ता टाकला तिकडचा, नंबर टाकला काकांच्या तिकडच्या प्रीपेड सिमचा, पैसे भरायला गिफ्ट कार्ड. बडोद्याला परत आल्यावरही तेच चालू राहिलं, दादा वाढदिवसाला, दिवाळीला गिफ्ट कार्ड मेल करायचा आणि काका इथे झोपाळ्यावर बसून अमेरिकेच्या दुकानातून पुस्तकं घ्यायचे. त्याच कंपनीचं भारतातलं दुकान वेगळं आहे, तिथला माल वेगळा, भाव वेगळे, ह्याची चौकशी करायची त्यांना कधी गरजच पडली नाही.

मग काका गेले. रीडर लॉग-इन होताच, तो तसाच आत्याच्या हातात आला, सगळं नीट चालू होतं त्यामुळे कोणाच्या डोक्यातही आलं नाही की हे अकाउंट आता कोणाचंच नाही. यंदा उन्हाळ्यात त्याची बॅटरी फुगली, स्क्रीन एका बाजूने उचलली गेली, संपला. नवीन आणला, त्याच कंपनीचा. काकांच्या डायरीत पासवर्ड होता, ड्रॉइंगवर लिहितात तसल्या सरळ कॅपिटल अक्षरांत, बाजूला तारीख, आधीचे पासवर्ड पट्टी लावून एका रेघेने खोडलेले. तो टाकला, चालला, आणि पुढच्या स्क्रीनवर आलं की कोड पाठवलाय, शेवटचे आकडे अमुक असलेल्या नंबरवर. तो नंबर म्हणजे न्यू जर्सीचं ते प्रीपेड सिम, रिचार्ज न झाल्यामुळे केव्हाच बंद पडलेलं. काकांची मेल घरच्या लॅपटॉपवर उघडी आहे, पण दुकानाला मेलवरचा कोड चालत नाही, फोनवरचाच पाहिजे.

दादाने तिकडून त्या नंबरवर फोन लावला. अमेरिकेत बंद झालेला नंबर कमीत कमी ४५ दिवस बाजूला ठेवून मग दुसऱ्या गिऱ्हाइकाला देतात, तसा हाही देऊन झाला होता, एका बाईंनी उचलला. दादाने सगळं समजावलं की माझे वडील वारले, हा त्यांचा जुना नंबर, तुम्हाला एक कोड येईल तेवढा वाचून दाखवा. बाईंनी फोन ठेवून दिला. आता त्यांना काय बोलणार, आम्ही आत्याकडून इतकी वर्षं हेच घोकून घेतोय की ओटीपी मागणारा कितीही गोड बोलला तरी फोन ठेवायचा.

राहिलं कस्टमर केअर. तिथला माणूस चांगला होता, दुःख झालं वगैरे म्हणाला, आणि मग सांगितलं की अकाउंटमधली पुस्तकं हे त्या माणसाला दिलेलं लायसन्स आहे, ते दुसऱ्याच्या नावावर होत नाही, वारसाच्याही नाही. डेथ सर्टिफिकेट पाठवलंत तर आम्ही अकाउंट बंद करून देऊ. म्हणजे कागदपत्रं पूर्ण केली की त्याचं फळ काय, तर उरलंसुरलं पण जाणार.

विकत घेतलं म्हणजे काय घेतलं

काकांनी त्या बटणावर 'विकत घ्या' असंच वाचलं होतं. खालच्या अटींत मात्र पहिल्यापासून लायसन्सच लिहिलेलं असतं, म्हणजे भाड्याचं घर, फक्त भाडं एकरकमी घेतलेलं आणि दरवाजाची किल्ली मालकाकडेच. हे लोकांना कळत नाही म्हणून कॅलिफोर्नियात कायदा करावा लागला, १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, की डिजिटल माल विकताना 'खरेदी' असा शब्द वापरत असाल तर हे लायसन्स आहे असं स्पष्ट लिहा. लिहिलं म्हणून काही बदललं नाही, निदान आधी कळतं.

किल्ली मालकाकडे असली की काय होऊ शकतं ह्याची गोष्ट जुनी आहे. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने लोकांच्या किंडलवरून, म्हणजे त्यांच्या ई-रीडरवरून, इंग्रज लेखक जॉर्ज ऑरवेलची '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' ही पुस्तकं परस्पर पुसून टाकली होती, कारण ती ज्याने दुकानात चढवली त्याच्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत दिले, ॲमेझॉनचा प्रमुख जेफ बेझोस ह्याने जाहीर माफी मागितली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-बुकचं दुकानच बंद केलं तेव्हा लोकांनी घेतलेली पुस्तकंही उघडायची बंद झाली, तिथेही पैसे परत मिळाले. आमच्या प्रकरणात पैसे परत द्यायचा प्रश्नच येत नाही कारण दुकानाच्या हिशोबी काहीच बिघडलेलं नाही. पुस्तकं जागेवर आहेत, वाचणारा गेला.

कुलूप तोडायचं का

सयाजीगंजमध्ये ओळखीचा एक मुलगा आहे, काँप्युटरचं शिकतोय, तो म्हणाला अंकल टेन्शन नका घेऊ, करून देतो. कॅलिबर नावाचा फुकट प्रोग्रॅम बऱ्याच जणांना माहीत असेल, कोविद गोयल ह्या आपल्याच माणसाने २००६ मध्ये सुरू केलेला, ई-पुस्तकं लावून ठेवायला आणि एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात न्यायला फार भारी. तो स्वतः डीआरएम, म्हणजे ई-पुस्तकावरचं डिजिटल कुलूप, तोडत नाही, त्यासाठी लोक बाहेरून प्लगइन म्हणजे जोड-प्रोग्रॅम आणून जोडतात. पण आमच्याकडे तोडायला कुलूपही हातात नव्हतं, जुना रीडर मेलेला आणि अकाउंटमध्ये शिरता येत नाही. काका असताना कोणी कॉपी काढून ठेवली असती तर गोष्ट वेगळी.

काढली असती तर गुन्हा होता का, हे मी कायद्यात बघितलं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५ए कलम आलं, तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण त्यात एक अट घातलेली आहे, तोडण्यामागचा उद्देश हक्कांचं उल्लंघन करायचा असला पाहिजे, आणि कायद्याने ज्याला मनाई नाही अशा कामासाठी तोडलं तर हे कलम आड येत नाही. स्वतःच्या खाजगी वापराला ५२ व्या कलमात जागा आहे. अमेरिकेचा १९९८ चा कायदा ह्यापेक्षा खूप कडक, तिकडे कुलूप तोडणं हेच मुळात बेकायदेशीर आणि सवलती दर तीन वर्षांनी मागून घ्यायच्या. मी काही वकील नाही, पण वाचून मला तरी असं वाटलं की आपला कायदा करणाऱ्यांनी घरात बसून स्वतःचं पुस्तक वाचणारा माणूस डोळ्यासमोर ठेवला होता. दुकानाच्या अटींना त्याचं काय, अटी वेगळ्या आणि कायदा वेगळा.

परत विकत घेऊ म्हटलं, तर

मग आत्याच्या नावाने, तिच्या इथल्या नंबरवर नवीन अकाउंट उघडलं आणि काकांच्या मेलमधल्या पावत्या एकेक काढून भारतातल्या दुकानात तीच पुस्तकं शोधायला बसलो. हा भाग मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. काही पुस्तकं इथे काकांनी डॉलरमध्ये दिले त्याच्या निम्म्याहून कमी भावात. काही अशी की ई-बुक महाग आणि तेच पुस्तक कागदी पेपरबॅकमध्ये स्वस्त, घरपोच. आणि बरीचशी अशी की ई-बुक इथे मिळतच नाही, शोधलं तर पान उघडतं, कव्हर दिसतं, आणि खाली, तुमच्या देशात उपलब्ध नाही.

पहिल्या प्रकाराबद्दल माझी अजिबात तक्रार नाही, ते आधी स्पष्ट करतो कारण लोक भावातल्या फरकालाच शिव्या घालतात. इथला पगार इथला आहे, अमेरिकेचे भाव जसेच्या तसे लावले तर बडोद्यात इंग्रजी पुस्तकं कोण घेणार. कागदी पुस्तकांत हे कित्येक वर्षं चालत आलंय, पाठीवर छापलेलं असतं की फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी, त्याच्यावरच आपल्या पिढ्या इंजिनिअर, डॉक्टर झाल्या. पण अशी स्वस्त कागदी प्रत मी बॅगेत घालून दादाला नेऊन दिली तर ती तिथेही पुस्तकच राहते. थायलंडहून अमेरिकेत शिकायला गेलेल्या एका विद्यार्थ्याने घरच्यांकडून असली स्वस्त टेक्स्टबुकं मागवून तिकडे विकली होती, प्रकाशकाने केस केली, ती अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि २०१३ मध्ये विद्यार्थी जिंकला. एकदा कायदेशीर विकलेली प्रत पुढे विकायला मालक मोकळा. ई-बुकला हा नियम लावायला युरोपच्या कोर्टाने डिसेंबर २०१९ मध्ये नकार दिला. वेगवेगळा भाव चालेल, कुलूपही एकवेळ समजू शकतो, पण दोन्ही एकत्र आलं की देशाची सीमा पुस्तकाच्या आत येऊन बसते आणि अडकतो कोण, तर पावती असलेला.

ई-बुक कागदापेक्षा महाग का, ह्याचं कारण साधं आहे. बरेच मोठे इंग्रजी प्रकाशक ई-बुकची किंमत स्वतः ठरवतात, दुकानाला त्यात हात घालता येत नाही, कागदी प्रतीवर मात्र दुकान हवी तेवढी सूट देतं. वर टॅक्स. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य, ई-बुकवर सुरुवातीला १८ टक्के होता, जुलै २०१८ पासून ५ टक्के केला, तोही त्या पुस्तकाची छापील आवृत्ती असेल तरच. जे पुस्तक फक्त ई-बुक म्हणूनच निघालंय त्याला ती सवलत नाही. ज्याला कागद, शाई, ट्रक, गोडाऊन काही लागत नाही त्याच्यावर जास्त टॅक्स, हे लॉजिक मला कोणी समजावून सांगेल तर बरं होईल.

आणि मिळतच नाही ह्याचं कारण हक्कांची वाटणी. लेखक अमेरिकेचे हक्क एका प्रकाशकाला देतो, ब्रिटन आणि कॉमनवेल्थचे दुसऱ्याला, भारत बहुतेक ब्रिटिश प्रकाशकाच्या वाट्याला येतो. काकांनी घेतलेल्या आवृत्त्या अमेरिकन प्रकाशकाच्या, त्याला इथे विकायची परवानगी नाही. ब्रिटनवाल्याने जुन्या, कमी खपाच्या पुस्तकाचं ई-बुक इथे चढवलंच नसेल तर मामला संपला.

ह्या सगळ्यात एक गंमत सापडली ती सांगायलाच पाहिजे. भारतात लेखक वारल्यावर ६० वर्षं कॉपीराइट असतो. ऑरवेल, जो जन्मला आपल्याच बिहारात मोतिहारीला, तो वारला जानेवारी १९५० मध्ये, म्हणजे २०११ पासून त्याची पुस्तकं भारतात सर्वांना मोकळी आहेत. अमेरिकेत १९४९ साली छापलेल्या पुस्तकाचा हिशोब ९५ वर्षांचा, त्यामुळे '१९८४' हे पुस्तक तिकडे २०४४ संपेपर्यंत कॉपीराइटमध्ये. काकांनी ते डॉलर देऊन घेतलं होतं, पावती आहे. आत्याची आवडती अगाथा ख्रिस्टी बरोब्बर उलटी, ती वारली १९७६ ला, म्हणून भारतात २०३६ संपेपर्यंत बंधन, पण रॉजर ॲक्रॉइडवालं १९२६ चं पुस्तक अमेरिकेत जानेवारी २०२२ पासून फुकट. म्हणजे दादाला जे फुकट ते आत्याला विकत, आणि तिला जे फुकट ते काकांनी विकत घेतलेलं, एकाच घरातली माणसं आहेत ही.

मराठीचं काय झालं

काकांची थोडी मराठी ई-पुस्तकं पण होती, एका मराठी ॲपवर. तिथे ओटीपी काकांच्या इथल्या नंबरवर येतो आणि ते सिम आत्याने बँकेसाठी चालू ठेवलंय, त्यामुळे दोन मिनिटांत सगळी उघडली. पण फक्त त्या ॲपमध्ये, फोनवर किंवा टॅबवर, रीडरच्या कागदासारख्या स्क्रीनवर ती जात नाहीत. आत्याला फोनचा उजेड सोसत नाही, दहा मिनिटांत डोळ्यांतून पाणी. म्हणजे हक्क आहे, पासवर्ड आहे, पुस्तक आहे, वाचता येत नाही.

मराठी प्रकाशकांची भीती मला कळते. हजार प्रतींची आवृत्ती संपायला वर्षं लागतात आणि इकडे पुस्तक आलं की पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरायला लागते, ते बघून कोणाचंही टाळकं सरकेल. पण ती फिरणारी पीडीएफ कधी नीट बघितलीय का? आमच्या फॅमिली ग्रुपवर मागे एक आली होती, पान वाकडं, कडेला फोटो काढणाऱ्याचा अंगठा, सतराव्या पानावर वाचनालयाचा जांभळा शिक्का अर्धवट आणि कोणीतरी पेन्सिलने एका ओळीला विचारलेलं 'कशावरून?'. ही कुठल्या ई-बुकमधून फुटलेली नाही, कागदी पुस्तकाचे फोटो आहेत. त्याला डीआरएम काय अडवणार? अडली आत्या, जिने ॲपला पैसे दिले. विज्ञानकथा छापणाऱ्या टॉर ह्या मोठ्या प्रकाशनाने २०१२ मध्ये आपल्या सगळ्या ई-बुकांवरचं कुलूप काढून टाकलं आणि अजून दुकान मांडून बसलेत. मराठीत ई-साहित्य प्रतिष्ठानसारखे लोक तर लेखकांच्या परवानगीने सरळ मोकळ्या पीडीएफच देतात.

बडोद्यात राहून हे जास्त टोचतं. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावून घेतला आणि संस्थानभर वाचनालयं उभी केली, मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीतले लोखंडी रॅक आणि काचेच्या फरशीचे मजले आजही जाऊन बघता येतात. जिथे वाचनालय नाही अशा गावांना लाकडी पेट्या भरून पुस्तकं जायची, गावाने वाचून परत पाठवायची. आणि १०१ वर्षांनी, २०११ मध्ये, त्याच अमेरिकेत हार्पर कॉलिन्स ह्या प्रकाशनाने वाचनालयांना नियम घातला की आमचं ई-बुक २६ वेळा वाचकाला दिलंत की संपलं, परत विकत घ्या. पेटीतलं पुस्तक पण झिजायचं, मान्य आहे, पण त्याला सव्विसावा वाचक कोण हे माहीत नसायचं.

आता काय चाललंय

जी पुस्तकं इथे रास्त भावात होती आणि आत्याला खरंच परत वाचायची होती तेवढी घेतली, तिच्याच अकाउंटवर, तिच्याच नंबरवर, आणि त्या अकाउंटमध्ये माझा नंबरही दुसरा म्हणून टाकलाय. ऑरवेल फुकट उतरवला. घेताना आता पुस्तकाच्या पानावर खाली बघायची सवय लागलीय, प्रकाशकाच्या इच्छेने डीआरएमशिवाय विकलं जातंय अशी ओळ काही पुस्तकांखाली असते, ते असेल तर आत्या त्यालाच आधी पसंती देते.

सगळ्यात कामाची गोष्ट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघाली. ज्यांना छापील वाचता येत नाही त्यांच्यासाठी कायद्यातच वाट आहे, ५२ व्या कलमात, त्यांना वाचता येईल अशा रूपात पुस्तकाची प्रत करायला परवानगी लागत नाही. अशा वाचकांना पुस्तकं मिळावीत म्हणून झालेल्या मराकेश ह्या आंतरराष्ट्रीय करारावर २०१४ मध्ये सगळ्यात आधी शिक्कामोर्तब करणारा देश भारत होता, आणि २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय म्हणून सरकारी ऑनलाइन लायब्ररी आहे ह्याच लोकांसाठी. डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर आत्याचं नाव तिथे घालायचं चाललंय, पुस्तक ऐकता पण येतं. ऐकण्यावरून आठवलं, २००९ मध्ये किंडल पुस्तक वाचून दाखवायला लागलं तेव्हा अमेरिकेतल्या लेखकांच्या संघटनेने आक्षेप घेतला होता की हे ऑडिओबुकचे हक्क झाले, आणि ॲमेझॉनने ती सोय चालू ठेवायची की नाही हे प्रकाशकावर सोडून दिलं. अंध वाचकांच्या संघटना त्यावर रस्त्यावर उतरल्या होत्या, आत्याला हे वाचून दाखवलं तर म्हणाली मी पण गेले असते.

इथे न मिळणाऱ्या पुस्तकांपैकी आत्याला हवीत त्यांची यादी दादाकडे गेलीय, मोठ्या अक्षराच्या कागदी आवृत्त्या तिकडे निघतात, त्यातल्या मिळतील त्या तो डिसेंबरमध्ये येताना आणेल, बॅगेच्या वजनात बसतील तेवढ्या.

काकांच्या अकाउंटचं मात्र ठरत नाहीये. त्यात पुस्तकांसोबत त्यांनी केलेल्या खुणा आणि नोट्स आहेत, इंजिनिअर माणूस, कादंबरीत जहाजाचं वजन चुकलं तरी बाजूला हिशोब मांडून ठेवायचे. दादाचं म्हणणं एकदा डेथ सर्टिफिकेट पाठवून निदान नोट्सची कॉपी द्या असं लेखी मागू. आत्याचं म्हणणं सर्टिफिकेट गेलं की ते आधी अकाउंट बंद करतील आणि मग सॉरी म्हणतील. मला आत्याचं पटतं. स्कॅन केलेलं सर्टिफिकेट दादाच्या मेलमध्ये ड्राफ्टमध्येच आहे.